टीव्हीवरच्या प्रचाराच्या जाहिरातीचा पैसा कुठे लावायचा हे कसं ठरवतात? आमची वर्गणी वाया गेली म्हणून विचारतेय

वाघबीळवाली

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. मी घोडबंदर रोडला राहते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला आमच्या भागातल्या काही सोसायट्यांनी मिळून एक अपक्ष उमेदवार उभा केला होता, कारण तेच, पाणी आणि ट्रॅफिक, सात सात वर्षं टँकरवर काढलेले लोक आहेत इथे. घराघरातून वर्गणी काढली, कोणी पाचशे दिले कोणी पाच हजार, आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजींनी पेन्शनमधले दोन हजार आणून हातात दिले आणि पावती पण नको म्हणाल्या. एकूण सहा लाखाच्या वर जमले.

त्यातले २ लाख ८८ हजार आम्ही टीव्हीला घातले. ओळखीतून एक जाहिरात एजन्सीवाला भेटला, त्याने सांगितलं की मराठी न्यूज चॅनलवर ७२ स्पॉट देतो, २० सेकंदांचे, शेवटचे चार दिवस. आम्हाला वाटलं टीव्हीवर दिसलो म्हणजे लोक सिरियसली घेतील. प्रचार १८ तारखेला संध्याकाळी संपला आणि मी नंतर सोसायटीत विचारत फिरले तर एकाही माणसाने ती जाहिरात बघितलेली नव्हती. एकानेही नाही! कोल्हापूरहून माझ्या मावसभावाचा मात्र फोन आला, अगं तुमचा उमेदवार दिसला टीव्हीवर म्हणून. डिपॉझिट गेलं ते गेलंच, त्याचं एवढं नाही, पण त्या आजींचे दोन हजार डोक्यातून जात नाहीत.

आता दुसरी गोष्ट. माझी बहीण अमेरिकेत न्यू जर्सीला असते. आधी एडिसनला होती, मग चेरी हिलला घर घेतलं. ती म्हणते एडिसनला प्रेसिडेंटच्या निवडणुकीत टीव्हीवर ट्रम्प-हॅरिसची जाहिरात क्वचित दिसायची आणि चेरी हिलला गेल्यावर नुसता मारा, बातम्या लावल्या की दर ब्रेकला तीन चार. राज्य तेच, मतदान तेच, गाडीने तास सव्वा तासाचं अंतर. असं का? म्हणजे कोणीतरी बसून ठरवतंय ना की इथे पैसे घाला, तिथे नको. ते कसं ठरवतात, आणि आमच्यासारख्या लहान उमेदवाराने काय बघायला हवं होतं? पुढे महापालिका आहे, फेडरेशनमध्ये पुन्हा टीव्हीचा विषय निघतोय, त्याआधी मला नीट समजून घ्यायचंय.

केबलवाला_कळवा

ताई वाईट वाटलं वाचून. मी कळव्याला वीस वर्षं केबलच्या धंद्यात आहे, न्यूज चॅनलचं मला फार माहीत नाही पण एक सांगतो. सॅटेलाइट चॅनल वरून एकच सिग्नल येतो, तो ठाण्यात पण तोच आणि गडचिरोलीत पण तोच. तुमची जाहिरात लागली ती अख्ख्या महाराष्ट्रात लागली, म्हणून मावसभावाला दिसली. तुम्हाला पाहिजे होतं एका मतदारसंघात, आणि तुम्ही घेतलं राज्य. लोकल केबल चॅनलवर घातली असती तर निदान ठाण्यात तरी राहिली असती, आणि चार दिवसाच्या पैशात पंधरा दिवस खाली पट्टी पण चालली असती.

पण आमची पण अडचण सांगतो, लपवणार नाही. लोकल चॅनल फक्त केबलच्या बॉक्सवर दिसतं. ज्याच्या घरी डीटीएचची छत्री आहे त्याला नाही दिसत, ज्याने टीव्हीला वायफाय लावून अ‍ॅपवर चालू केलंय त्याला पण नाही. कळवा, विटावा, खारेगावच्या जुन्या वस्तीत अजून केबल बऱ्यापैकी आहे पण तुमच्या घोडबंदरच्या टॉवरमध्ये किती हे बघावं लागेल. गच्चीवर जाऊन छत्र्या मोजा, लगेच अंदाज येतो. आम्ही नवीन एरिया घेताना तेच करतो, खोटं नाही सांगत.

प्लॅनर१९९८

मी १९९८ पासून मीडिया प्लॅनिंगमध्ये आहे, आता ऐरोलीला घरी बसून थोडं कन्सल्टिंग करतो. चार निवडणुकांत पक्षांची कामं केली आहेत, कोणते पक्ष ते राहू दे. ताईंचा प्रश्न फार योग्य आहे आणि तो पैसे देण्याच्या आधी विचारला गेला नाही याचंच वाईट वाटतं, कारण एजन्सीवाल्याने तो स्वतःहून सांगायला हवा होता.

सगळ्यात आधी एक हिशोब करा. महाराष्ट्रात विधानसभेचे मतदारसंघ २८८. तुमचे पैसे २ लाख ८८ हजार. भागाकार तोंडी होतो, एका मतदारसंघाच्या वाट्याला एक हजार रुपये. ढोबळ आहे, सगळीकडे टीव्ही सारखा बघत नाहीत, पण तुमच्या मतदारांपर्यंत साधारण हजार रुपयांचा टीव्ही पोचला आणि बाकी २ लाख ८७ हजार अशा लोकांवर गेले जे तुम्हाला मत देऊच शकत नव्हते. आमच्या धंद्यात याला वेस्टेज म्हणतात आणि सगळं प्लॅनिंग हे वेस्टेज कमी करण्यासाठीच असतं. टीव्हीचा नकाशा वेगळा आणि मतदारसंघाचा नकाशा वेगळा, हे दोन एकमेकांवर ठेवून बघायचं आणि कुठे जुळतात ते शोधायचं, बाकी सगळं त्यानंतर.

म्हणूनच आपल्याकडे टीव्ही हा उमेदवाराचा नसतो, पक्षाचा असतो. ज्याचे २८८ पैकी शे-दीडशे उमेदवार उभे आहेत त्याला राज्यभर दिसलं तर परवडतं. बघा, विधानसभेच्या जाहिरातीत कधी बेलापूरच्या किंवा ओवळा-माजिवड्याच्या उमेदवाराचा चेहरा असतो का? नेत्याचा चेहरा, चिन्ह, योजना, संपलं. बेलापूरला २०२४ ला निकाल ३७७ मतांनी लागला. एवढ्या चुरशीच्या जागेवर एखाद्या पक्षाने कितीही पैसे ओतायचे म्हटले असते तरी मराठी चॅनलवरून फक्त नेरूळ-सीवूड्सला दिसेल अशी जाहिरात करताच येत नव्हती. तिथे माणसं दारोदार पाठवणं हाच उपाय.

मग पक्ष काय ठरवतात? जागा ठरवता येत नाही म्हणून ते माणूस ठरवतात, वेळ ठरवतात आणि आठवडा ठरवतात.

माणूस म्हणजे टीजी, टार्गेट ग्रुप. २०२४ च्या विधानसभेत एका बाजूला लाडकी बहीण, महिन्याला १५०० आणि पुढे २१०० चं आश्वासन, दुसऱ्या बाजूला महालक्ष्मीचे ३०००. दोघांनाही बाई मतदारच हवी होती. मग ती संध्याकाळी सात ते साडेदहा कुठे असते, मालिकेसमोर. म्हणून न्यूजपेक्षा मालिकांच्या चॅनलवर झुंबड. तिथे रेट जास्त पण रेटिंग, म्हणजे शंभरातले किती जण बघतात तो आकडा, तो पण जास्त. आम्ही नुसता रेट कधीच बघत नाही, रेटला रेटिंगने भागतो, त्याला सीपीआरपी म्हणतात. समजा न्यूजवर १० सेकंदांचे २००० रुपये आणि रेटिंग ०.१, तर एका पॉइंटला वीस हजार पडले. मालिकेला १० सेकंदांचे ३० हजार पण रेटिंग ३, तर पॉइंटला दहा हजार. महाग दिसतं ते स्वस्त निघालं. (आकडे समजावण्यापुरते घेतलेत, रेट आठवड्याला बदलतात.) आणि मालिकांकडे सगळ्यांचं किती लक्ष होतं बघा, त्याच निवडणुकीत मालिकेच्या सीनमध्ये मागे पक्षाचं होर्डिंग दाखवलं अशी तक्रार निवडणूक आयोगाकडे गेली होती.

रेटिंग बार्ककडून येतं, म्हणजे टीव्ही कोण किती बघतं ते मोजणारी संस्था, दर गुरुवारी. न्यूज चॅनलचं रेटिंग ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपीच्या प्रकरणानंतर बंद केलं होतं, ते मार्च २०२२ ला परत सुरू झालं तेव्हापासून ते चार आठवड्यांची सरासरी म्हणून देतात. आता विचार करा, २०२४ ला अर्ज मागे घ्यायची तारीख ४ नोव्हेंबर आणि प्रचार संपला १८ ला. चौदा दिवसांचा खरा प्रचार आणि आमच्या हातात न्यूजचा आकडा मागच्या महिन्याचा. म्हणून न्यूजवरचा बराचसा खर्च आकडा बघून होतच नाही, हवा करायला होतो. पक्ष कार्यालयात दिवसभर न्यूज चॅनल चालू असतं, कार्यकर्त्याला आपली जाहिरात दिसली की त्याला हुरूप येतो, समोरच्या पक्षवाल्याला दिसली की त्याला धाकधूक. हे मी चूक म्हणत नाही, पण मतदारापर्यंत पोचण्याचा तो मार्ग आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आठवडा. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आणि भाऊबीज ३ ला. भाऊबीजेपर्यंत सोनं, गाड्या, साड्या, टीव्ही, सगळे जाहिरातदार टीव्हीवर, जागाच मिळत नाही, मिळाली तर चढ्या भावाने. ४ नोव्हेंबरपासून ते उतरतात आणि पक्ष चढतात. ज्यांनी सप्टेंबरमध्येच मालिकांचे ब्रेक बुक करून ठेवले त्यांना बरं पडलं, ज्यांचं जागावाटपच शेवटपर्यंत चाललं त्यांना जे उरलं ते मिळालं. आणि राजकीय जाहिरातीला उधारी नसते, पैसे आधी मग स्पॉट.

लोकसभेचं तर अजून अवघड होतं. २०२४ ला महाराष्ट्रात पाच टप्पे, १९ एप्रिल ते २० मे. १३ मे ला चौथा टप्पा झाला तेव्हा ४८ पैकी ३५ जागांचं मतदान उरकलेलं होतं. राहिल्या १३, धुळे, दिंडोरी, नाशिक, पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे आणि मुंबईच्या सहा. त्या शेवटच्या आठवड्यात मराठी चॅनलवर जाहिरात घातली तर बघणारे बहुतेक लोक बोटाला शाई लावून बसलेले. त्या आठवड्यात मी स्वतः एका क्लायंटला सांगितलं, टीव्ही थांबवा आणि पैसा एफएमवर, लोकलच्या डब्यात, ठाणे-वाशी-कल्याणच्या होर्डिंगवर आणि मोबाईलवर वळवा. त्यांनी अर्धं ऐकलं.

ताई तुमच्याकडे एजन्सीने टीसी दिली का, टेलिकास्ट सर्टिफिकेट? त्यात प्रत्येक स्पॉट किती वाजून किती मिनिटांनी लागला ते असतं. नसेल तर मागा. ७२ स्पॉट ऐकायला भरपूर वाटतात पण आरओडीपीमध्ये, म्हणजे ठराविक कार्यक्रम न धरता वेळेच्या मोठ्या पट्ट्यात घेतले असतील तर चॅनल त्यात वाटेल तेव्हा लावतं.

वाघबीळवाली

काका, २८८ चा भागाकार वाचून मी खरंच दोन मिनिटं शांत बसले. एक हजार रुपये. आजींचे दोन हजार होते त्याच्या निम्मे.

टीसी आम्हाला दिलेली नाही, आम्हाला असं काही असतं हेच माहीत नव्हतं. बिल आहे फक्त, एका ओळीचं.

चेरीहिलकर

मूळचा वाशी सेक्टर १७ चा, सध्या तुमच्या बहिणीच्याच गावात राहतो म्हणून राहवलं नाही. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, आणि ते वरच्या काकांच्याच मुद्द्याचं दुसरं टोक आहे.

अमेरिकेत टीव्हीचा नकाशा निल्सन नावाची कंपनी काढते, अख्ख्या देशाचे २१० तुकडे, त्याला डीएमए म्हणतात. कुठल्या जिल्ह्यातले लोक कुठल्या शहराची स्टेशन्स बघतात त्यावरून. राज्याच्या हद्दीशी त्याचा संबंध नाही. न्यू जर्सी दोन मोठ्या शहरांच्या मध्ये चेपलेलं राज्य, वरचा भाग न्यूयॉर्कच्या स्टेशन्सवर आणि खालचा फिलाडेल्फियाच्या. एडिसन न्यूयॉर्कमध्ये येतं, चेरी हिल फिलाडेल्फियात. आणि फिलाडेल्फिया पेनसिल्व्हेनियात, जिथे १९ इलेक्टोरल मतं आहेत (प्रत्येक राज्याला ठरलेली, प्रेसिडेंट त्यावरच ठरतो) आणि कोण जिंकेल ते शेवटपर्यंत कळत नाही. प्रेसिडेंट व्हायला ५३८ पैकी २७० लागतात, बहुतेक राज्यांत जो पुढे त्याला सगळी मतं, त्यामुळे न्यूयॉर्क कोणाचं हे आधीच माहीत असताना तिथे कोणी पैसा घालत नाही. २०२४ ला सगळं भांडण सात राज्यांत होतं, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, अ‍ॅरिझोना, नेवाडा, आणि त्यात सगळ्यात जास्त पैसा पेनसिल्व्हेनियाला. फिलाडेल्फियाची स्टेशन्स घेतली की तो मारा आपोआप नदीपलीकडे चेरी हिलला पण पडतो. तुमची बहीण म्हणजे काकांच्या भाषेत वेस्टेज. तिच्यासाठी ती जाहिरात कधी नव्हतीच, जसा तुमचा मावसभाऊ.

न्यू हॅम्पशायरचं असंच. चारच इलेक्टोरल मतं, पण राज्याचा दक्षिण भाग बॉस्टनची स्टेशन्स बघतो, म्हणजे त्या मूठभर मतदारांसाठी अख्ख्या बॉस्टनचा रेट भरायचा, आणि बॉस्टनचे लोक मॅसॅच्युसेट्सचे मतदार. म्हणून आधी बघतात की मँचेस्टरच्या त्यांच्या स्वतःच्या स्टेशनवर किती काम होतंय आणि मगच बॉस्टनला हात घालतात.

इथे अजून एक गोष्ट आहे जी आपल्याकडे असायला हवी असं मला मनापासून वाटतं. कुठल्या उमेदवाराने कुठल्या स्टेशनवर कुठल्या कार्यक्रमात कितीला स्पॉट घेतला ते स्टेशनला फाइलमध्ये ठेवावं लागतं आणि ती फाइल सरकारी साइटवर कोणीही उघडून बघू शकतो, मोठ्या शहरांतल्या मोठ्या स्टेशन्सचं २०१२ पासून. त्यामुळे प्रतिस्पर्धी रोज ती फाइल बघतो, त्याने विस्कॉन्सिनमध्ये ग्रीन बे शहरातला खर्च वाढवला का, मग आपण पण वाढवू. तुमच्यासारख्या वर्गणी देणाऱ्याला पण बघता येतं की माझा पैसा गेला कुठे. शिवाय मतदानाच्या आधीच्या ६० दिवसांत उमेदवाराला स्टेशनने आपला सगळ्यात कमी रेट द्यायचा असा कायदा आहे, पण तो फक्त उमेदवाराला, बाहेरून मदत करणाऱ्या सुपर पॅकना नाही. म्हणजे तोच ब्रेक, तीच ३० सेकंद, आणि सुपर पॅकला कितीतरी जास्त पैसे. कुठला डॉलर कुठल्या खिशातून खर्च करायचा हे पण प्लॅनिंगच झालं.

आणि वेळेचं म्हणाल तर २०१२ ला ओबामांच्या टीमने मतदारांच्या यादीला सेट टॉप बॉक्सच्या डेटाशी जोडलं, नावं काढून टाकून, आणि शोधलं की आपल्याला हवे असलेले काठावरचे मतदार कुठला चॅनल किती वाजता बघतात. तर निघालं काय, रात्री उशिराचे जुन्या मालिकांचे रिपीट, टीव्ही लँडसारखे चॅनल. तिथे कोणी राजकीय जाहिरात देत नव्हतं म्हणून स्वस्त. त्यामुळे रात्रीचा स्पॉट म्हणजे वाईटच असं नाही, आपला माणूस तिथे आहे हे माहीत असलं पाहिजे एवढंच.

अजून एक, शेवटच्या चार दिवसांबद्दल. २००६ ला टेक्सासमध्ये गव्हर्नर रिक पेरींच्या प्रचारात संशोधकांना एक दुर्मिळ संधी मिळाली, कुठल्या भागात कुठल्या आठवड्यात जाहिरात सुरू करायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, आणि रोज फोनवरून लोकांना विचारायचं. साधारण वीस लाख डॉलरची जाहिरात होती. निकाल असा की जाहिरात चालू असताना पाठिंबा चांगला वाढला आणि आठवडाभरात जवळजवळ सगळा उतरला. ते २०११ ला छापून आलं. म्हणजे शेवटी शेवटी जाहिरात घालायचा तुमचा निर्णय चुकीचा नव्हता ताई. जागा चुकली.

हिशेबनीस_नेरूळ

मी दोन विधानसभेला उमेदवाराचा हिशोब सांभाळलाय, म्हणून ताईंना एक कामाचं सांगतो. टीसी एजन्सीने दिली नसली तरी तुमच्याकडे एक कागद नक्की असणार, तो शोधा.

टीव्हीवर राजकीय जाहिरात लावायची तर आधी एमसीएमसीकडून, म्हणजे निवडणुकीत जाहिराती तपासणाऱ्या समितीकडून, प्रमाणपत्र घ्यावं लागतं. २००४ च्या आधी केबल टीव्हीच्या नियमांत राजकीय जाहिरातीला बंदीच होती, सुप्रीम कोर्टाने १३ एप्रिल २००४ ला आदेश दिला की आधी तपासून घ्या आणि मग दाखवा, तेव्हापासून ही पद्धत. उमेदवाराने दाखवायच्या निदान तीन दिवस आधी अर्ज करायचा, सोबत जाहिरातीच्या दोन प्रती आणि साक्षांकित मजकूर. आणि त्याच अर्जात लिहायचं असतं की बनवायला खर्च किती, किती वेळा दाखवणार आणि प्रत्येक वेळेचा रेट काय. म्हणजे तुमचा ७२ स्पॉटचा तक्ता एजन्सीने तिथे जोडलेला असणार किंवा निदान आकडे तरी. अर्जाची प्रत उमेदवाराच्या फाइलमध्ये असते, कारण निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो आणि त्याला हे सगळं लागतं. त्या फाइलमध्ये बघा.

दुसरं, तुम्ही अपक्ष होता हा फरक फार मोठा आहे. विधानसभेला उमेदवाराची मर्यादा ४० लाख. पक्षाने नेत्याचा चेहरा आणि चिन्ह दाखवून राज्यभर जाहिरात केली तर ती पक्षाच्या खर्चात जाते आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. उमेदवाराचं नाव किंवा फोटो आला की उमेदवाराच्या खात्यात. वर काका म्हणाले ना की उमेदवाराचा चेहरा नसतो, त्याचं हे पण एक कारण. अपक्षाला पक्षच नाही, त्याचा एक रुपया पण त्याच्याच चाळीस लाखात. दूरदर्शन आणि आकाशवाणीवर पक्षांना फुकट वेळ मिळतो, १९९८ पासून, पण तो पण मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांनाच. एकूण टीव्ही हे मैदान अपक्षासाठी आखलेलंच नाही आणि हे तुम्हाला कोणी सांगायला हवं होतं.

चेरीहिलकर म्हणतात तशी फाइल आपल्याकडे नाही हे खरं. पक्ष विधानसभेनंतर ७५ दिवसांत आपला खर्च आयोगाला देतात, तो आयोगाच्या साइटवर येतो, पण तो सगळं झाल्यावर. मोबाईलवरच्या जाहिरातींचं उलट आहे, गूगल आणि फेसबुक दोघांच्याही जाहिरातींच्या लायब्ररीत कोणी किती खर्च केला ते तिथल्या तिथे दिसतं. महापालिकेला उतरणार असाल तर आधी तिथे जाऊन तुमच्या भागातल्या लोकांनी मागच्या वेळी काय केलं ते बघा, फुकट आहे.

प्लॅनर१९९८

हिशेबनीस साहेबांनी चांगलं सांगितलं, मला अर्जाचं लक्षातच आलं नव्हतं, आम्ही फक्त टीसीच बघतो.

महापालिकेसाठी तर ताई सॅटेलाइट टीव्हीचा विचारच नको. ठाणे महापालिकेच्या १३१ जागा आहेत, २०१७ ला ३३ प्रभाग होते, एक सोडून प्रत्येक प्रभागात चार चार नगरसेवक. तुमचा मतदार दोन किलोमीटरच्या आत राहतो. त्याच्यासाठी कोल्हापूरपर्यंत सिग्नल कशाला पाठवायचा. केबलवाले दादा म्हणाले तसं आधी बघा किती घरांत केबल आहे. स्मार्ट टीव्हीवर अ‍ॅप बघणारे जास्त असतील तर तिथे पिनकोडप्रमाणे जाहिरात घेता येते, रेट दर हजार वेळा दाखवण्यामागे असतो, पण घोडबंदरचा पिनकोड तुमच्या प्रभागापेक्षा मोठा आहे हे धरून चाला. जाहिरात आधी तपासून घेतल्याचं प्रमाणपत्र त्याला पण लागेल, ते विसरू नका.

वाघबीळवाली

सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस वेळ घेतला कारण मी कागद शोधत होते आणि गच्च्यांवर फिरत होते.

हिशेबनीस साहेब, अर्ज सापडला. फाइलमध्ये सगळ्यात खाली होता, मागे तक्ता जोडलेला, आमच्याच उमेदवाराची प्रत्येक पानावर सही, आणि आमच्यापैकी कोणीच तो वाचला नव्हता. ७२ पैकी रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळेत ३८. दिवसभरात विखुरलेले २५. संध्याकाळी सात ते अकरामध्ये नऊ. नऊच! रेट सगळ्यांना एकच लावलाय, पहाटे साडेतीनच्या स्पॉटला पण चार हजार आणि रात्री नऊच्या पण चार हजार. एजन्सीवाल्याला मी काल फोन केला, टीसी मागितली, तो म्हणाला शोधून पाठवतो. आता लेखी मागणार आहे, फेडरेशनच्या लेटरहेडवर.

केबलवाले दादा, छत्र्या मोजल्या. आमच्या सात सोसायट्या मिळून १४१२ फ्लॅट. वॉचमन आणि आमची दोन कॉलेजची मुलं बरोबर घेतली, गच्चीवर आणि खिडक्यांना मिळून ५९० छत्र्या सापडल्या. केबलच्या माणसाकडे यादी होती, त्याच्या चालू बॉक्सची संख्या ३३५. राहिलेले बहुतेक वायफायवर, त्यात काही बंद फ्लॅट. म्हणजे लोकल केबलवर जाहिरात दिली तरी आमच्याकडे चारात एक घर. पण खाली गावठाणात आणि चाळींमध्ये त्याच केबलवाल्याचे बॉक्स घरटी आहेत असं तो म्हणाला, तिकडे रविवारी जाऊन मोजणार.

रविवारच्या मीटिंगमध्ये हे दोन कागद ठेवतेय, तो तक्ता आणि छत्र्यांची यादी. आजींना पण बोलावलंय, त्या म्हणाल्या येते, पण चौथ्या मजल्यावरून लिफ्ट चालू असली पाहिजे, तर ते बघून ठेवलंय.